ठरावबिंदू

इचलकरंजीच्या व्यसनमुक्ती केंद्रात आता रुग्णाला "का पिता?" असं कुणी विचारत नाही. कानामागे जाणपट्टी चिकटवून घरी पाठवतात आणि महिन्याभराने तीच सांगते. माणूस प्यायचं ठरवतो तो नेमका क्षण ही पट्टी टिपते. त्याला ठरावबिंदू म्हणतात. तो खुद्द माणसालाही कळत नाही. मेंदू आधी ठरवून मोकळा होतो आणि कारण मागाहून शोधतो. निकाल लिहून झाल्यावर साक्षीदार गोळा करावेत, तसं.

दिनकर मगदूमचा साक्षीदार अकरा वर्षं एकच होता, बायकोची, म्हणजे शालनची, जीभ. ही टोचून बोलते म्हणून मी पितो, हे त्याने सासूला, मेहुण्याला, अख्ख्या गल्लीला पटवलं होतं. शालनलाही. म्हणून ती गप्प राहायला शिकली. आमटी दोनदा चाखायची, त्याचा चेहरा बघून बोलायची. तरी संध्याकाळी सातच्या सुमारास काहीतरी बिनसायचंच आणि तो पायात चपला सरकवायचा.

केंद्रातल्या डॉक्टर नेत्रा हुक्केरींनी तिच्यापुढे दिनकरच्या पट्टीचा महिन्याभराचा आलेख ठेवला. महिन्यात बावीस वेळा दिनकर प्यायला होता. बावीसही ठरावबिंदू सकाळी अकराच्या आसपासचे, तो यंत्रमागावर उभा असतानाचे. भांडण झालं म्हणून तो पीत नव्हता. प्यायचं ठरलं होतं, म्हणून भांडण काढत होता.

शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्ख्या आईनेसुद्धा तिलाच जिभेला आवर घालायला सांगितलं होतं.

"ह्यास्नी दावलंसा?" तिने विचारलं.

"दाखवलं. त्यांना पटलंय. स्वतःचा विचार स्वतःला दिसणं, हा अर्धा उपचार आहे."

"आणि उरलेला अर्धा?"

"तो त्यांनी करायचा," डॉक्टर म्हणाल्या.

केंद्राने 'पूर्ण जाणीव' असा शेरा देऊन त्याला मोकळं केलं. जणू शेरा मिळाला की ग्लास आपोआप पालथा होतो! पट्टी मात्र कानामागेच ठेवली. आता सकाळी अकराला ती तिथल्या तिथे त्याच्या कानात सांगे, 'ठरलं.' दिनकरने भांडण काढणं सोडून दिलं. संध्याकाळी चहा घेऊन तो शांतपणे उठे आणि गुत्त्यावर जाई.

चौथ्या दिवशी उंबऱ्यात थांबून तो मऊ आवाजात म्हणाला, "तुझा काय दोष न्हाई, शालन. मला आता कळतंय. मीच ठरवतो."

"माझा दोष हुता तवा बरं हुतं." ती उसळून म्हणाली. "मी गप बसले तर तुमी थांबशीला, एवढी तरी आशा हुती. आता मी काय करू?"

त्याने खरोखर विचार केला.

"काय न्हाई," असं प्रामाणिकपणे सांगून तो गेला.