नदीकडचं दार

इफी टुलॉकने सकाळी थर्मासमध्ये चहा भरला, ओटची बिस्किटं खिशात टाकली आणि किल्ल्याच्या नदीकडच्या बुरुजात शिरून दार लावून घेतलं. तीस वर्षं ती या किल्ल्याची राखणदार होती. यंदाच्या पुरात लोरन नदीने बुरुजाचा पाया पोखरला, आणि मालक ट्रस्टने ठरवलं, पाडून टाका. डागडुजीपेक्षा पाडणं स्वस्त म्हणे! याच नदीतून होड्या भरून शत्रू तीनदा आला होता, आणि किल्ल्यातल्या अनवाणी गड्यांनी याच दाराला पाठी लावल्यामुळे तीनदा हात हलवत परत गेला होता. आता या सुटाबुटातल्या ट्रस्टवाल्यांपुढे मान तुकवायची? एडिनबरोच्या कोर्टातून स्थगितीचा हुकूम दुपारपर्यंत यायचा होता. तोवर दार धरायचं होतं. अडसर कधीच कुजून गेला होता, म्हणून तिने फळ्यांना पाठ लावली.

"मावशी, उघड." बाहेर स्ट्रुअन होता, तिच्या बहिणीचा मुलगा आणि ट्रस्टचा मुकादम. "माझी नोकरी जाईल गं."

"जाऊ दे! तुझ्या आजोबांनी हा बुरूज सांधला आणि तू पाडायला आलास? लाज कोळून प्यायलास का?"

चार गड्यांनी मिळून दार रेटलं. ते तसूभरही हललं नाही. गुडघे धरलेली अडुसष्ट वर्षांची बाई. इफीला स्वतःचंच नवल वाटलं. ओल्या लोकरीचा आणि घामाचा वास आला. बुरुजात हाडं गोठवणारी थंडी होती, पण तिच्या दोन्ही खांद्यांना ऊब लागत होती.

"मावशी, आत कोण कोण आहे?"

"मी एकटी."

"थट्टा नको. खालच्या फटीतून पाय दिसतायत. अनवाणी आहेत गं सगळे. या थंडीत!"

इफीने खाली पाहिलं. तिचे दोन बूट तेवढे होते.

ती घाबरली. पण दार सोडलं नाही.

"दिसतायत ना? मग रेट की! बघू कोण सरकतं ते!"

बाहेर कुणीच पुढे झालं नाही.

दुपारी हुकूम आला. स्ट्रुअनने तो दाराबाहेरून वाचून दाखवला. बुरुजाला कुणी हात लावायचा नव्हता.

इफीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बुरूज वाचला," ती आत वळून म्हणाली. "सोडा आता."

तिने कडी धरून दार ओढलं. हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं.

"स्ट्रुअन, तुझे गडी मागे घे."

"केव्हाच गेले. मी एकटाच आहे. ये ना बाहेर."

तिने पुन्हा ओढून पाहिलं. मग कडी सोडली आणि दाराला पाठ लावली.

उजवीकडचं कुणीतरी जरा सरकलं, आणि तिला जागा झाली.