चीजबोर्डावरची रिकामी जागा

"मी आजोबांना एकटं टाकून गेले नव्हते हो," नर्स पुन्हा म्हणाली. कडेवरची मुलगी तिच्या कॉलरचं टोक चोखत होती.

वहिनींनी मुलीच्या हातात बिस्किट दिलं. खाजगी तपासाच्या धंद्यात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. त्यांचे दीर, भाऊजी, गाडी चालवायचे आणि निष्कर्ष काढायचे. गाडी बरी चालवायचे.

"पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

"संध्याकाळी पाहुणे यायचे होते. मॅडमचा पार्लरमधून फोन आला, चीजबोर्डसाठी अंजीर आण, पण घरात कुणी आल्यावरच जा. जरा वेळाने खाली स्वयंपाकघरात ताटल्या वाजल्या. आजोबा हसले. म्हणाले, 'जा पोरी आता. आलंय घरचं माणूस.' जिन्यातून मी ओरडले, 'जाऊन येते!' आतून 'हं' असं आलं."

"मग?"

"परत आले तर सगळं संपलेलं. दम्याचा पंप पलंगाखाली पडलेला. आजोबांच्या हातात बोलवायची घंटी." तिने मुलीला घट्ट धरलं. "ते म्हणतात, घरात कुणीच नव्हतं, मी खोटं बोलतेय. एजन्सीने नाव काढलंय माझं. आता माझ्या भरवशावर कोण आपलं माणूस ठेवेल?"

आजोबांच्या सुनेने दार उघडलं ते रडून सुजलेल्या डोळ्यांनी.

"मी पार्लरमध्ये होते. केसांना रंग लावून बसले होते, विचारा तिथे."

भाऊजींनी तिथल्या तिथे फोन लावला. खरं होतं.

"बोर्ड कुणी सजवला?"

"मीच, सकाळी. लाकडी पाटावर मऊ चीज एका टोकाला अख्खं, कडक चीजच्या फाका पंख्यासारख्या, मधोमध द्राक्षांचा घोस. तसूभर लाकूड दिसत नव्हतं. मग तसाच फ्रीजमध्ये."

"मग अंजीर कशाला?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "वाटलं, असावेत."

आजोबांचा मुलगा उभाच होता. "मी पाहुण्यांच्या जरासा आधी पोचलो. फ्रीजमधून बोर्ड काढला, टेबलावर ठेवला. त्यातल्या कशाला हातसुद्धा लावला नाही."

"वडिलांकडे डोकावलात?"

"पाहुणे दारात होते. माझ्या बढतीचं त्यांच्या हातात होतं. आणि वर ती बाई आहे, असंच धरून चाललो."

पाहुण्या म्हणजे त्याच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई. त्यांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. "इतका देखणा बोर्ड! आल्या आल्या मऊ चीजला सुरी लावली तर सायीसारखं ओघळलं. असंच हवं. लोक फ्रीजमधून काढून थेट पुढ्यात ठेवतात, खडू खाल्ल्यासारखं लागतं." मग त्यांचा आवाज उतरला. "वर काय झालंय, ते आम्हाला नंतर कळलं."

फोटोत द्राक्षं कडेला होती. मधोमध उघडं लाकूड.

"एवढा नटवला आणि मध्ये टक्कल!" भाऊजी गाडीत म्हणाले. "वहिनी, सूनच. पार्लरवाली फितवलेली."

"तुम्ही गाडी चालवा."

त्या पुन्हा त्याच घरी आल्या. नर्सलाही बोलावून घेतलं. भाऊजींना वर पाठवून आजोबांची घंटी वाजवायला सांगितली आणि बाकी सगळ्यांना स्वयंपाकघरात उभं केलं. किणकिणाट इतका स्पष्ट आला की सुनेने दचकून वर पाहिलं. मुलाने पाहिलं नाही.

भाऊजी घंटी घेऊन खाली आले, तेव्हा वहिनी बोलत होत्या.

"फ्रीजमधून नुकतं काढलेलं चीज ओघळत नाही. म्हणजे बोर्ड बराच आधी बाहेर आला होता. बाहेर काढणारा जाणकार होता आणि घाईत नव्हता. सकाळी मधोमध असलेली द्राक्षं त्याने कडेला नेली. मधली जागा सोडली, कारण अंजीर यायचे होते, हे त्याला ठाऊक होतं. ताई, अंजीर हवेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सून नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "यांचा फोन आला होता. ऑफिसातून लवकर निघालोय म्हणाले."

मुलगा खुर्चीत बसला. "घंटी रोजच वाजायची. पडदा ओढ, पाणी दे, उशी सरकव. मला वाटलं, ती आहेच वर."

"ती 'जाऊन येते' म्हणाली. 'हं' कुणी म्हटलं?"

"फाका लावत होतो. काय म्हणाली ते डोक्यात शिरलंच नाही."

"खोटं मात्र नेमकं शिरलं," वहिनी म्हणाल्या. "लावा फोन एजन्सीला. आमच्यासमोर."

त्याने लावला. अडखळत का होईना, घरात आपण होतो, नर्सची चूक नव्हती, हे सांगितलं. नर्सने मान हलवली, पण तिचा चेहरा काही सुटला नाही.

"तरी मी गेले नसते तर..." ती पुटपुटली. "मलाच बोलावत असतील ते."

सांगावं की नको, असं भाऊजींना वहिनींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच दिसलं.

"तुला नव्हते बोलावत, बाळ. तुला तर त्यांनीच पाठवलं. खालच्या ताटल्या कुणाच्या हातच्या, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. हसले म्हणालीस ना?"

सून पुढे झाली, तिने फ्रीज उघडला, अंजिरांची न फोडलेली पिशवी काढून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली आणि बाहेर निघून गेली.

भाऊजींना हातातली घंटी टेबलावर ठेवायची होती. त्यांनी आधी तिचा लोलक बोटांत घट्ट धरला, मग ती अलगद खाली ठेवली.