शिवेवरची पाहुणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नीतूने फाटक उघडून दुधाची पिशवी घेतली, टाकीचा पंप सुरू केला आणि सासूसाठी बिनसाखरेचा चहा ठेवला. गोंदियाच्या या टोकाला अजून निम्मे प्लॉट रिकामे होते. रस्ता संपला की धानाच्या बांध्या, भाताची खाचरे. एखादी स्कूटर, एखादी कुकरची शिट्टी, आणि टीनाचा खोकला.

या घरात आल्यापासून पाच वर्षांची टीना खोकत होती. बरगड्या मोजता येतील इतकी वाळली होती. नीतू प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. लेकीची थुंकी तिने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. काही नव्हते. एक्स-रेही स्वच्छ. मध्यंतरी टीना मामाकडे तिरोड्याला गेली, तिथे एकदाही खोकली नाही. इकडे तिच्या रिकाम्या खोलीत मात्र खोकला चालूच राहिला. कोरडा, थकल्या छातीचा. नीतूने दारात उभे राहून तो ऐकला आणि कुणाला सांगितले नाही.

गावाकडून डबे वाजवत माणसे आली. खांद्यावर बांबू-चिंध्यांची बाई होती, गावाची दुखणी बाहेर नेणारी नारबोद.

"खासी-खोकला घेऊन जा री नारबोद."

नीतूच्या कुंपणाला तिला टेकवून सगळे मागे न पाहता परतले.

"इथंच काऊन टाकून राहिले, आई?"

"शीव होती ना ही गावाची," पायरीवर बसलेली सासू, जमुनाबाई, म्हणाली. "लेआउटवाल्यानं शीव इकली, तुमी घेतली. मी सांगतली त तुवा नवरा म्हणे, बुढी सठिया गई."

"पुढं नाही नेत कोणी तिले?"

"पुढं दुसऱ्याचं गाव लागते. सारे जा म्हणतेत. ये म्हणणारा कोणी हाय का?"

आत टीना खोकली. कुंपणापलीकडून तसाच खोकला आला.

जमुनाबाईने चहाचा कप खाली ठेवला.

नीतूने स्कूटरची चावी उचलली. हिला बांध्यांपलीकडे नेऊन ठेवावे. तिकडेही नवी घरे उठली होती. एका दोरीवर लहान मुलीचा फ्रॉक वाळत होता.

तिने चावी खुंटीला अडकवली.

कुंपणाजवळ जाऊन ती वाकली. "चला," ती हळूच म्हणाली. "आत चला."

चिंध्यांच्या मानाने बाई जड होती. माणूस अंगाला टेकून चालते, तशी जड.

जमुनाबाईने पाय आवरून वाट दिली.

टीनाचे कपडे नीतूने आपल्या खोलीत हलवले. टीनाच्या रिकाम्या खाटेवर बाईला निजवून पांघरूण घातले.

दुपारी टीना नीतूच्या मांडीवर झोपली होती. श्वास मोकळा, संथ.

पलीकडच्या खोलीतून खोकला आला.

नीतूने टीनाचे डोके अलगद उशीवर ठेवले. पाणी कोमट केले, पेला खाटेजवळ ठेवला आणि दार नुसते लोटून आली.

थोड्या वेळाने आत रिकामा पेला फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला.