दिली, घेतली

आयुष्यात मजा कधी केलीस असं कौस्तुभला कुणी विचारलं, तर तो एका दमात सांगायचा: भुईगावात, वॉल्टरच्या ओट्यावर, रविवारी दुपारी. न विचारताही सांगायचा. बँकेत त्याने 'आमच्या भुईगावात' म्हणून सुरुवात केली की लोक चहाचे कप उचलून आपापल्या टेबलाकडे जायचे. विरारला दोन खोल्यांचा फ्लॅट, लग्न जमता जमता राहिलेलं, संध्याकाळी बोलायला कुणी नाही. माणसाला जगायला काहीतरी लागतंच, आणि कौस्तुभ त्या रविवारांवर जगत होता.

कॉलेजातले तिघे मित्र ते. ओट्यावर चालायचा तो खेळही जगावेगळा होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. वीस बाजूंचा एक फासा आणि बाकीचं सगळं बोलण्यात. कौस्तुभ मास्टर, म्हणजे गोष्ट त्याने रचायची. किल्ले त्याचे, दऱ्या त्याच्या, राक्षसही त्याचेच. उन्नती तलवारबाज आणि वॉल्टर मांत्रिक. पुढे काय करायचं ते या दोघांनी सांगायचं, फासा टाकायचा आणि दैवात असेल ते भोगायचं. मागे केळीची वाडी, शेणाचा नि ओल्या मातीचा वास, आणि वॉल्टरची आई जीना आंटी फुग्यांची, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या गोळ्यांची परात घेऊन यायची. तळणीतून काढलेले ते गरम फुगे हाताला चटके द्यायचे, तरी कुणाला दम निघत नसे.

अडचण एकच होती, मांत्रिकाची. सुरुवातीला बिचाऱ्याला मंत्राने मेणबत्ती पेटवतानाही घाम फुटायचा. पण खेळ पुढे सरकतो तसा मांत्रिक चढत जातो, आणि वॉल्टर तर असा चढला की उन्नती तलवार उपसेपर्यंत राक्षसाची राख झालेली असायची. मी आता फक्त फुगे खायला येते, असं ती तोंडावर म्हणायला लागली. कौस्तुभने मंत्र चालत नाहीत अशी गुहा रचली, तर वॉल्टरने बाहेर उभं राहूनच मंत्राने डोंगर खचवला. मंत्रांची पोथी चोरीला गेली असं रचलं, तर पठ्ठ्याने ती आधीच पाठ करून ठेवलेली. शेराला सव्वाशेर उभे केले, तेही पुरले नाहीत.

शेवटी कौस्तुभने किंमत लावली. मोठा मंत्र घालायचा तर मांत्रिकाने एक आठवण कायमची द्यायची. वॉल्टर लगेच म्हणाला, "माझा मांत्रिक त्याच्या मामाचं नाव विसरला." मामा कुठला नि नाव कुठलं, सगळा फुकटचा सौदा. तेव्हा कौस्तुभ म्हणाला, "असं नाही. तुझी स्वतःची दे. खरी." आणि पद्धत ठरली. फाशावर बोट ठेवून आठवण सांगायची, शेवटी 'दिली' म्हणायचं. मास्टरने 'घेतली' म्हटलं की मंत्र लागू. आठवणीचं वजन जेवढं, मंत्राचं बळ तेवढं.

आणि खेळाला अशी काही रंगत चढली म्हणता! वॉल्टर सांगायला लागला की राक्षस ताटकळत बसायचे. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याचे पांढरे बूट घालून तो केळीच्या चिखलात कसा उतरला. वडिलांनी राजोडीच्या समुद्रात कमरेला दोरी बांधून त्याला पोहायला कसं शिकवलं. टायफॉईडमध्ये आई उशाशी बसून घरच्या बोलीतलं लग्नाचं गाणं कसं हळू आवाजात म्हणायची, कारण दुसरं तिला येतच नव्हतं. ऐकताना उन्नतीचे डोळे भरायचे. वॉल्टर 'दिली' म्हणायचा. कौस्तुभ 'घेतली' म्हणायचा, आणि वाडीतली सळसळ क्षणभर थांबल्यासारखी वाटायची. ते वाऱ्याचं असेल असं तो धरून चालला.

एका रविवारी उन्नतीने त्या पांढऱ्या बुटांवरून वॉल्टरला चिडवलं. "कुठले बूट?" त्याने विचारलं. नियम पाळतोय बेटा, म्हणून दोघं हसली. नंतर कधीतरी हात धुवायला म्हणून तो घरामागे गेला आणि बराच वेळ आलाच नाही. कौस्तुभ बघायला गेला तर वॉल्टर कठड्याला हात लावून उभा. "इथे विहीर आहे," तो नवलाने म्हणाला. जन्म त्याच घरात गेलेला. कौस्तुभ तेव्हाही हसला, पण जरा उशिरा.

मग करोना आला, रविवार मोडले. उन्नती नोकरीसाठी ठाण्याला गेली. नाताळाला फोन व्हायचे, पुढे तेही नुसत्या मेसेजवर आले.

या फेब्रुवारीत जीना आंटीचा फोन आला. डॉक्टर झाले होते, मेंदूचे फोटो झाले होते, कुठे काही सापडलं नव्हतं. वॉल्टर कामावर जात होता, गाडी चालवत होता. पण केळीचा एक खुंट उपटला की गड्ड्याची पिल्लंही निघतात, तशा दिलेल्या आठवणींमागोमाग न दिलेल्याही निघून गेल्या होत्या. "मला तुम्ही म्हणतो," ती म्हणाली. "काल जेवताना विचारलं, तुम्हाला मुलं किती?" ओट्यावरचं ते 'दिली, घेतली' तिने दारातून ऐकलेलं होतं. "तुझ्या खेळात गेलंय, बाबा. तूच परत आण."

कौस्तुभला त्या रात्री झोप आली नाही. त्याने उन्नतीला बोलावून घेतलं आणि पुढच्याच रविवारी तिघं ओट्यावर बसली. ऊन तेच, वासही तोच. वॉल्टरने सभ्यपणे दोघांना पाणी आणून दिलं. ही दोघं कॉलेजातली, एवढं त्याला ठाऊक होतं. खेळ मात्र त्याला बरोबर आठवत होता, एकूण एक मंत्रासकट.

कौस्तुभने डोकं लढवलं होतं. मांत्रिक एका गुहेत येतो, तिथे त्याच्या दिलेल्या आठवणी ठेवलेल्या आहेत, असं त्याने रचलं आणि एकेक आठवण वॉल्टरला परत सांगितली. बूट, दोरी, गाणं. वॉल्टरने सगळं मन लावून ऐकलं.

"छान आहे," तो म्हणाला. "कुणाचं आहे हे?"

दारात उभ्या असलेल्या जीना आंटीने पदर तोंडाला लावला.

"नुसतं सांगून कसं येईल?" उन्नती हळूच म्हणाली. "मोठा मंत्र आहे हा, कौस्तुभ. किंमत लागणार."

"त्याच्याकडे आता आहे काय द्यायला?"

"त्याच्याकडे नाही. पण तू आजवर एकदाही दिली नाहीस."

ते खरंच होतं. मास्टर फक्त घेतो. कौस्तुभने मनातल्या मनात चाचपून पाहिलं. शाळेची सहल, पहिला पगार, आजोळचा गणपती. सगळ्या हलक्या. वजनाचा नियम त्याचाच होता, स्वतःला कसा फसवणार? वजनाची अशी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती, आणि ती गेली तर विरारच्या त्या दोन खोल्यांत काय उरणार हे त्याला नीट कळत होतं. त्याला भीती वाटली. रडूही आलं.

त्याने फाशावर बोट ठेवलं.

मग कॉलेजातल्या पहिल्या भेटीपासून तो सांगत गेला. हा ओटा. फुग्यांचे चटके. उन्नतीचं चिडणं, वॉल्टरने खचवलेला डोंगर. परात ठेवताना जीना आंटी डोक्यावर हात ठेवायची, तो पिठाचा हात. घाई न करता, एकही रविवार न गाळता त्याने सगळं सांगितलं.

"मी दिली म्हटलं की तू घेतली म्हण," तो वॉल्टरला म्हणाला.

वॉल्टरने मान हलवली.

"दिली."

"घेतली."

केळीची सळसळ थांबली. कावळा ओरडता ओरडता गप्प झाला.

वॉल्टर दाराकडे वळला. "आय," तो म्हणाला, "रडतेस कशाला? चहा टाक ना."

जीना आंटी उंबऱ्यावरच बसली. त्याने धावत जाऊन तिला धरलं. मग तो हसत, रडत, बुटांचं, दोरीचं, गाण्याचं एकदमच बोलायला लागला, आणि मध्येच ओट्याकडे बघून म्हणाला, "कौस्तुभ, साल्या, ये ना इकडे."

कौस्तुभला अवघडल्यासारखं झालं. घरगुती मामला दिसत होता. चौकड्यांच्या शर्टातल्या त्या गृहस्थांना आपलं नाव कसं माहीत, तेही त्याला कळेना. शेजारी बसलेल्या बाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. त्याने ते हलकेच सोडवून घेतलं.

चांगली माणसं दिसत होती. उंबऱ्यावरच्या म्हातारबाईंचे पिठाचे हात त्याच्याकडे पुढे झाले होते. त्याने त्यांना नमस्कार केला.

मग चपला घालून तो पायरी उतरला, आणि अंगणातून वळून त्याने अदबीने विचारलं,

"इथून स्टेशनला रिक्षा मिळेल का? मी या बाजूला पहिल्यांदाच येतोय."