जीपखालची हाक

ह्या पेजवर मी आजवर काही लिहिलं नाही. वाचते फक्त. निम्म्या गोष्टी वाचून "काय फेकतात लोक" म्हणून पुढे सरकते. तेव्हा माझी वाचून तुम्ही तेच म्हणालात तर मला रागावायचा हक्क नाही.

तरी राग येईल. कारण हे दुसऱ्या कुणाच्या काकाच्या मित्राला नाही, मला झालंय. माझ्या अंगणात, भर दुपारी.

तारीख १७ मे २०२३, बुधवार. गुहागरपासून बरीच आत, कातळावर आमची वाडी आहे. वाडीचं नाव लिहीत नाही, लोक लगेच फोन करून विचारत बसतात.

मी नम्रता. माहेर खेडचं. घरात आम्ही तिघं. मी, माझे मिस्टर विनीत आणि सासूबाई. विनीत आमच्या जुन्या डिझेल जीपवर भाडी मारायचे. आंब्याच्या पेट्या, बाजाराची माणसं, मिळेल ते.

ही जीप त्यांनी हर्णैच्या एका मासळीवाल्याकडून घेतली. मी तेव्हाच नको म्हटलं होतं. वर्षानुवर्षं त्या गाडीतून मासळी गेलेली, बर्फाचं खारं पाणी खाली ठिबकून ठिबकून सगळं लोखंड खाल्लेलं. पण आमच्याकडे माझं ऐकतो कोण.

त्या मे महिन्यात टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी डिझेलची नळी पार कुजली. हात लावला की पापुद्रे निघायचे. गाडी चढणीला बंद पडायची. म्हणून विनीतनी नवीन तांब्याची नळी आणली आणि बुधवारी सकाळी काम काढलं. पुढची दोन्ही चाकं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर चढवली, खाली शिरायला जागा केली आणि जुनी नळी कापून काढली.

हे काम आमच्यात नेहमी दोघांचं असायचं. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन चालू होत नाही. मग बॉनेटखालचा हातपंप दाबत बसायचं, हवा निघून डिझेल वर येईपर्यंत. त्याला एअर काढणं म्हणतात. ते गाडीखाली, मी वर पंपावर. ते खालून सांगणार, "अजून एअर आहे, दाब." आणि डिझेल आलं की, "आलं, बास."

अकराच्या सुमाराला त्यांनी आणखी एक चिरा आणायला कुंपणाच्या दगडी गडग्यात हात घातला.

काहीतरी चावलं. बोटाला.

हात बाहेर काढून म्हणाले, विंचू असेल. बोट पाण्यात बुडवलं, हळद लावली आणि परत गाडीखाली गेले. मी ओरडले, दाखवून येऊया म्हटलं. तर म्हणतात, दाखवायला जायचं कशातून, गाडी उघडी पडलीय. एवढं संपवतो, मग जाऊ.

मी ऐकलं. ही माझी चूक. आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ते जेवायला बसले तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता. दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला भाताला लाल रंग आला. हिरड्यांतून रक्त येत होतं.

विंचू नव्हता तो. फुरसं होतं, विषारी साप.

सासूबाईंनी ते रक्त बघितलं आणि पुढचं ताट बाजूला सारलं. विनीत उठायला गेले, ओटीवर उलटी झाली आणि तिथेच आडवे पडले. डोळे अर्धे उघडे, हाकेला ओ नाही.

दुपारचे अडीच वाजले होते.

वाडीत माणूस नव्हतं. एका घरचं लग्न चिपळूणला, सगळी वाडी टेम्पोत बसून गेलेली, रिक्षावालासुद्धा. आम्हीच तेवढे मागे राहिलो होतो, संध्याकाळच्या भाड्यासाठी. मी फोन घेऊन पाणंदीच्या टोकाला धावले, तिथेच रेंज येते. सरकारी ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेली होती. दीड तास लागेल म्हणाले, जास्तही लागेल. लग्नातल्या चौघांना फोन लावले. एकानेही उचलला नाही, मांडवात बँड वाजत असणार.

मी तिथे उभी राहून रडले. खोटं कशाला सांगू. माझा नवरा मरणार आणि मी फोन हातात घेऊन बघत बसणार, असंच वाटलं.

मग जीप दिसली.

गाडी मला येत होती. कातळावर विनीतनीच शिकवली होती. प्रश्न नळीचा होता. वाकून बघितलं. टाकीकडून निघालेली नळी जागेवर होती, पुढचं टोक इंजिनापाशी लोंबत होतं. मला वाटलं, एवढंच जोडायचं राहिलंय. रबरी तुकडा घेतला, टोकावर चढवला, क्लिप आवळली. पाना दोनदा पायावर पडला.

पंप दाबायला लागले.

नुसता फुस्स... फुस्स. हवाच हवा.

शंभर वेळा दाबला असेल. अंगठा सोलून निघाला. ओटीवर सासूबाई विनीतना मांडीवर घेऊन देवाला गाऱ्हाणं घालत होत्या. मी पंपावर डोकं ठेवलं आणि म्हटलं, मला नाही जमत. मला एकटीला हे जमत नाही.

तेव्हा सगळं गप्प झालं.

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी झाडांवरच्या किरकिऱ्यांनी कान किटतात. त्या थांबल्या. सासूबाईंचं पुटपुटणंही ऐकू येईना. आणि...

"नमू."

गाडीखालून.

मला नमू म्हणणारं एकच माणूस आहे जगात. मी मान वळवून ओटीकडे बघितलं. विनीत होते तिथेच होते, आईच्या मांडीवर.

मी ओ दिली नाही. लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी बजावलं होतं, आमच्या कातळावर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. जे आपलं नसतं ते एकदाच हाक मारतं. आपलं माणूस तीनदा मारतं.

"नमू..."

दोन.

"अगं नमू, दाब ना. अजून एअर आहे."

तीन झाल्या. तोच आवाज. तोच कंटाळलेला सूर. सहा वर्षं मी तो ह्याच गाडीखालून ऐकत आलेय, त्यात माझी चूक होणार नाही.

मी वाकून बघितलं. खाली कोणी नव्हतं. चिरे, जुन्या नळीचे तुकडे, मातीत सांडलेलं डिझेल. तुम्ही म्हणाल पळून का नाही गेलीस. कुठे पळू? नवरा ओटीवर रक्त ओकत होता. त्या क्षणी खुद्द यम गाडीखाली असता आणि दाब म्हणाला असता, तरी मी दाबलं असतं.

मी दाबलं.

"मधून हवा खातंय. थांब, मी धरतो... हां. आता दाब."

पंप जड झाला. फुस्स बंद झालं. बोटांवर गार डिझेल आलं.

"आलं. बास."

मी किल्ली फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. धावत ओटीवर गेले. सासूबाईंनी पाय धरले, मी काखेत हात घातले. ओढत ओढत, खरचटवत, कसं केलं देव जाणे, पण त्यांना मागच्या सीटवर घातलं. सासूबाई डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मी नाकाखाली हात धरून बघितला. श्वास होता, अगदी बारीक.

गाडी मागे घ्यायची होती. रिव्हर्स टाकला. तेवढ्यात...

"नमू, थांब. मी खाली आहे अजून."

माझा पाय क्लचवरच राहिला.

"नमू, गाडी काढू नको. मला बाहेर येऊ दे."

घाबरलेला आवाज होता तो. विनीतना इतकं घाबरलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी आरशात बघितलं. मागे विनीतच होते. तोच शर्ट, तोच सुजलेला काळानिळा हात. आणि खाली पण विनीतच होते. मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. रेस सोडून उतरले असते तर इंजिन बंद पडलं असतं. परत हवा धरली असती, परत तो पंप. आणि मागचा श्वास किती वेळ टिकला असता?

सासूबाई मागून म्हणाल्या, "काढ गाडी. खाली बघू नको."

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

मी क्लच सोडला. पुढची चाकं चिऱ्यांवरून धप् करून खाली आली.

मग अजून एक धक्का बसला... हलकासा.

मी थांबले नाही. मागून हाक येत राहिली. पाणंद संपेपर्यंत येत होती. मी मोठमोठ्याने रडत गाडी चालवत होते, आणि सासूबाई परत परत एवढंच म्हणत होत्या, मागे बघू नको.

चिपळूणला पोचायला सव्वा तास लागला. डॉक्टरांनी सापाच्या विषावरची लस सुरू केली. म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर काही हातात नव्हतं. त्या रात्री मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. लग्नातून निघून सगळी वाडी तिथे आली.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या रितेशने ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवली. तो मेकॅनिक मला शोधत वर वॉर्डात आला. विचारत होता, ही गाडी टोचन लावून ओढत आणली का. म्हटलं नाही, मी चालवत आणली. गाडीखाली नळीचे दोन तुकडे होते म्हणाला. मधला जॉइंट जोडलेलाच नव्हता. दोन टोकांत चार बोटांचं अंतर. इंजिनापर्यंत डिझेलचा थेंब जायचा नाही.

टोकं मात्र स्वच्छ पुसलेली होती, आत्ताच कुणी हातात धरून सोडल्यासारखी. हे तो म्हणाला, मी नाही.

विनीत तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. मी हात धरून बसले होते. मला वाटलं पाणी मागतील. ते माझ्याकडे बघून म्हणाले,

"मी हाक मारत होतो. तू गाडी का काढलीस?"



मग त्यांनी सांगितलं, अगदी हळू, थांबत थांबत. ते खाली जॉइंट धरून बसले होते. एकदम गाडी वरून गेली आणि डोळ्यांवर ऊन आलं. अंगणात ते एकटेच. आमच्या मागे पळत आले, हाका मारत. पुढे चालत आले. सगळा रस्ता, तीन दिवस. वाटेत माणसं दिसली, पण एकानेही ओ दिली नाही.

मी म्हटलं, अहो, तुम्ही मागच्या सीटवर होतात. मी तुम्हालाच घेऊन आले. ते नुसते हसले. डॉक्टर म्हणाले विषाने असे भास होतात, वेळ जाईल तसं विसरतील.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणतात त्यांनी काही ऐकलं नाही, आणि खाली बघू नको असं त्या म्हणाल्याच नाहीत. देवापुढे उभं करून विचारलं तरी तेच.

विनीत आता बरे आहेत. हातात जोर कमी आहे, बाकी जेवतात, झोपतात, शेजारच्यांशी बोलतात. जीप आम्ही विकली. सगळे म्हणतात, तू नवरा परत आणलास. खरंय ते. मी आणलाच.

फक्त ते मला हाक मारत नाहीत. त्या दिवसापासून एकदाही नाही. पाणी हवं असलं, टॉवेल हवा असला, तर उठून येतात आणि माझ्या मागे उभे राहतात. मी वळेपर्यंत उभेच राहतात. कितीदा दचकून हातातलं भांडं पडलं माझ्या.

गेल्या आठवड्यात मला राहवलं नाही. मी चिडून विचारलं, तोंड आहे ना, मग हाक मारायला काय होतं तुम्हाला?

ते शांतपणे म्हणाले, "हाक मारली तर तू थांबत नाहीस."

आणि पाणी न घेताच आत निघून गेले.