मॅनिफोल्डचं रबर

गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास शौकतनं जुन्या मोटारसायकलचा कार्ब्युरेटर सोडवला, इंजिनच्या उघड्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला, आणि मागं स्टुलावर बसलेल्या नानासाहेबांचा श्वास अडकला.

शौकतचं गॅरेज मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर. नानासाहेब पैठण रोडवरच्या चितेगावचे, पंचाहत्तरी ओलांडलेले. गाडी त्यांचीच, तरुणपणी घेतलेली. दुसऱ्या कुणाला त्यांनी ती फारशी चालवू दिली नव्हती. पावसाळा सरता सरता गाडीची रेस आपोआप वाढायला लागली, मध्येच फट्कन आवाज करून ती बंद पडायला लागली. त्याच सुमारास नानासाहेबांनाही धाप लागू लागली. गावच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला. फोटो स्वच्छ. म्हणून मुलगा कारभारी त्यांना शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडं घेऊन निघाला होता, तर ऐन रस्त्यात गाडीनं मान टाकली.

"आधी हिला बघा, शौकतभाई," कारभारी म्हणाला होता. "नानांचा नंबर दुपारचा हाय."

"माझं काय, मी थांबन," नानासाहेब धापा टाकत म्हणाले होते. "तिला नाय थांबता येत."

बिघाड शौकतला लगेच दिसला. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारी बोटभर रबरी नळी असते, तिला मिस्तरी लोक मॅनिफोल्डचं रबर म्हणतात. ते भेगाळलं होतं. भेगांतून इंजिन भलतीकडून हवा ओढत होतं. जुनं रबर काढायचं, खालचं गास्केट, म्हणजे सांध्यातली चिकटलेली पातळ चकती, खरवडायचं, नवं बसवायचं. खरवडताना कचरा आत जाऊ नये म्हणून भोकात फडकं कोंबतात. शौकतचा हात ते न सांगता करत असे.

"नाना! ओ नाना! शौकतभाई, पाणी आणा!" कारभारी ओरडला.

नानासाहेबांचे डोळे मोठे झाले होते. छाती वर उचललेली, तशीच राहिलेली. शौकत गडबडीनं उठला, त्याच्या कोपराचा धक्का लागून बोळा खाली पडला, आणि नानासाहेबांनी खोल श्वास घेतला.

पाणी पिऊन ते म्हणाले, "कुणी तोंडावर कापड दाबल्यावाणी झालं." मग नाक फेंदारून, "हिना लावता का हो, मिस्तरी?"

"मैं? नाना, इथं ऑइलशिवाय कशाचा वास येणार?"

"हिनाच हाय. लई झ्याक वास."

"या वयात अत्तर सुचतंय," कारभारी हसला. "म्हणजे बरे हायेत."

शौकतनं जमिनीवरचा बोळा उचलला. आधी ग्रीसचा वास आला. नाकाला अगदी चिकटवल्यावर, त्या वासाच्या तळाशी, हिना. ती रईसाची, त्याच्या बायकोची, जुनी ओढणी होती. नानासाहेब चार हात लांब बसले होते.

एकदा दिसलेला बिघाड शौकत खरा मानत नसे. तो पुन्हा दिसला पाहिजे, हा त्याचा धंद्यातला नियम होता. त्यानं फडकं बाजूला ठेवलं, गास्केट हलक्या हातानं खरवडलं, कचरा बाहेरच्या बाजूला झटकला आणि वाट बघितली.

नानासाहेब रस्त्याकडं तोंड करून कारभारीला सोयाबीन कधी काढायचं ते सांगत होते. त्यांची पाठ गाडीकडं होती.

शौकतनं इंजिनच्या तोंडावर तळहात ठेवला.

वाक्य अर्धंच राहिलं.

इंजिन बंद होतं, चावी कारभारीच्या खिशात होती. तरी तळहाताची कातडी आत ओढली जात होती. जोरात नाही. पोर बोट चोखतं, तेवढीच.

शौकतनं हात काढला.

नानासाहेबांनी मान वळवली नाही. श्वास जागेवर आल्यावर ते रस्त्याकडं बघतच म्हणाले, "पुन्यांदा नका करू, मिस्तरी."

"काय नका करू?" कारभारीनं विचारलं.

आपल्याला तिसऱ्यांदा करून बघायची इच्छा झाली होती, हे शौकतनं पुढं रईसाजवळ कबूल केलं.

नवं रबर त्यानं बसवलं. क्लिप आवळताना दर पेचाला तो नानासाहेबांकडं बघत होता. गाडी पहिल्याच किकला लागली. रेस एकसारखी, आवाज गोल. नानासाहेब उठले, समोरच्या टपरीपर्यंत चालत गेले, चहा सांगून परत आले. धाप नव्हती.

"आता डॉक्टरला काय दाखवू? तुमचं गॅरेज?" कारभारी म्हणाला. दोघं घरी गेले.

दिवाळीनंतर कारभारीचा फोन आला. गाडी बाजारातून चोरीला गेली होती. पोलिसांत तक्रार दिली होती. कुणी ती दुरुस्तीला आणली तर कळवा, एवढंच त्याला सांगायचं होतं.

"नाना कसे आहेत?" शौकतनं घाईनं विचारलं.

"ठणठणीत. पण काहीबाही बोलतात. काल म्हणले, कांद्याचा वास येतोय, ट्रकच्या ट्रक भरून. आज म्हणतात, खारं वारं सुटलंय. समुद्र काय जन्मात बघितला नाय त्यांनी."

त्या दिवसापासून शौकत रोज चितेगावला फोन करायचा. कारभारीला वाटायचं, माणूस मायाळू आहे.

रविवारी दुपारी कारभारी म्हणाला, "आज सकाळपासून रॉकेलचा वास म्हणतात. घरात रॉकेल कुठलं? गॅस हाय आपल्याकडं."

जुना कार्ब्युरेटर उघडला की मिस्तरी आधी तो रॉकेलमध्ये धुतो. मग त्याला तोंड लावतो आणि आतला कचरा फुंकून काढतो.

"नानांना फोन द्या, कारभारीभाऊ. आत्ता."

फोन हातातून हातात गेला.

"नाना, कसं वाटतंय?"

"बरं हाय, मिस्तरी." नानासाहेबांचा आवाज शांत होता, थोडा नवलानं भरलेला. "पण ह्यो माणूस तंबाखू खातो वाटतं."

गाडीचा तपास अजून लागलेला नाही.