कुरणातली चादर

चादरी गवतावर पसरायच्या, वर पाणी शिंपडायचं आणि उन्हात पांढऱ्या करायच्या, ही आमच्या खोऱ्यातली जुनी रीत. फक्त माझ्या घरी ती बंद होती. माझ्या चादरी माळ्यावर वाळत.

माझं लग्न झालं तेव्हा गावामागच्या हिर्शवांड डोंगराचा पूर्वकडा माणसाला चढता येईल हे कुणालाच पटत नव्हतं. पहिला चढला तो माझा नवरा, कोर्बिनिआन. मग म्युनिकचे शहरी बाबू दोर घेऊन, आम्हालाही वर ने म्हणून, त्याच्या मागे लागले. शिखरावर पोचला की तो लाल रुमाल बांधलेली टोपी हलवायचा. मी कुरणात पांढरी चादर पसरायची. म्हणजे, दिसलास, ये आता. चादर दिसल्याशिवाय तो उतरत नसे. "बायकोची परवानगी लागते," असं बाबूंना सांगून हसायचा. तो उतरायला लागे आणि मी त्याच्यासाठी भिजवलेल्या पावाचे, पाण्यात उकडायचे गोळे वळायला. काय दिवस होते ते!

शेवटच्या खेपेला तो एकटाच गेला होता; टोपी दिसली, पण मी चादर पसरेपर्यंत शिखर ढगात गेलं. शोधणाऱ्यांना काहीच सापडलं नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पाद्रीबुवांचंही मी निम्मंच ऐकते. पण त्यानंतर आभाळ निवळलं की शिखरावर एक काळा ठिपका दिसे. गाव म्हणे, दगड आहे. असेल. तेव्हा पाळण्यात असलेला आमचा मुलगा लग्नाचा झाला, तरी मी त्या ठिपक्याकडे बघतच राहिले. तो वर होता तोवर माझा होता. मला तेवढं पुरत होतं. कुरणात चादर मी पुन्हा पसरली नाही.

गेल्या शनिवारी गोठ्यातून आले तर कुरणात चादर. सून अफ्रा नवी, पलीकडच्या खोऱ्यातली.

"अगं, काय केलंस हे?"

"पिवळी पडली होती, आई. माळ्यावर कधी पांढऱ्या होतात का चादरी?"

मी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. शिखरावर काही नव्हतं.

मी चादर घाईघाईने गोळा केली.

दुपारी पाव भिजत घातला आणि गोळे वळायला बसले.

"एवढे गोळे? कुणी यायचंय का?"

मी पाण्याचं मोठं भांडं चुलीवर चढवलं.

दिवस कलला तशी अफ्रा खिडकीशी थबकली.

"आई, कुरणातून कुणीतरी येतंय. टोपीला लाल रुमाल आहे. तुमच्या माहेरचं कुणी का? अगदी यांच्यासारखा दिसतो, यांच्याच वयाचा."

मी डोक्यावरचा रुमाल पांढऱ्या केसांवर पुढे ओढला आणि गोळे उकळत्या पाण्यात सोडले.